खिशातली गोळी

या वर्षीच्या आंतर-सदन नेमबाजी स्पर्धेच्या दिवशी माझ्या खिशात एक गोळी होती. रायफलीची नव्हे, रक्तदाबाची. सुट्टीत घरी गेलो असताना आजोबांच्या पाकिटातून न विचारता घेतलेली. ‘ही घेतली की हात हलत नाही,’ असे एकाने सांगितले होते.

मागच्या वर्षी माझे ग्रुपिंग विस्कटले, तेव्हा सगळे म्हणाले, ‘घाबरला!’ ते मला लागले होते. पण झाले काय होते? हृदय आकुंचन पावले की धमन्यांतला दाब वाढतो, सैल झाले की उतरतो. १२० आणि ८० हे आकडे त्याचेच. प्रत्येक ठोक्याची लाट दंडाला आवळलेल्या पट्ट्यापर्यंत येते आणि फोरसाइट उडते. धावून आल्यावर किंवा मनावर ताण असताना ही लाट जोरात येते. एक मीटर लांबीच्या रायफलीचे तोंड एक मिलिमीटर हलले, तर २५ मीटरवर गोळी सुमारे अडीच सेंटिमीटर सरकते. हा भित्रेपणा नाही, भूमिती आहे.

मग गोळी का घेऊ नये? बीटा ब्लॉकर प्रकारची ही औषधे ठोके मंद करतात, दाब उतरवतात. म्हणूनच नेमबाजीत त्यांच्यावर बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची रौप्य आणि कांस्य ही दोन्ही पदके प्रोप्रॅनोलोलमुळे काढून घेतली गेली. शिवाय निरोगी मुलाने असे औषध घेतले तर चक्कर येऊ शकते, दमा असेल तर श्वास अडकू शकतो. आणि ‘दहा’ औषधाने मिळाले, तर त्यात माझे काय?

मला वाटते, चूक आपल्या पद्धतीतही आहे. आपण रेंजवर डबल मार्च करत पोहोचतो आणि लगेच आडवे होतो. उस्ताद म्हणतात, लढाईत शत्रू थांबत नाही. खरे आहे. धावून येऊन नेम धरण्याचा सराव हवाच. पण तो नंतर. आधी दहा मिनिटे शांत बसून स्वतःची नाडी मोजायला शिकवा. पडून नेम धरताना उजवा गुडघा थोडा वर ओढला की पोट जमिनीवरून सुटते आणि ठोका कमी जाणवतो, हे मला फार उशिरा कळले. आणि ज्याची नाडी नेहमीच जोरात चालते, त्याने ‘अनफिट’ ठरण्याच्या भीतीने लपवू नये, एमआय रूममध्ये जाऊन दाब तपासून घ्यावा. त्याला हसू नका. हसलात, तर तोही माझ्यासारखी गोळी शोधेल.

मी ती गोळी घेतली नाही. चौथा आलो. रविवारी फोनवर आजोबांना सगळे सांगितले. ते म्हणाले, “मोजून ठेवलेल्या असतात रे. एक कमी पडली, तेव्हाच मी ओळखलं.” मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “ग्रुपिंग किती आलं?”

त्या वेळी माझे हृदय स्पर्धेपेक्षा जास्त धडधडत होते.