लहरी आपल्या, बॉक्स कुणाचा?

भारताची मॅच रंगात आली की कॉलेजच्या कट्ट्यावर एक सीन हमखास दिसतो. एका मोबाईलवर पाच-सहा डोकी, स्क्रीनवर गोल फिरणारं चक्र, आणि समोरच्या घरातून आधीच ‘आऊट!’ असा ओरडा. ॲपवरचं चित्र डिशवरच्या चित्राच्या काही सेकंद तरी मागं असतंच. वर डेटा संपतो तो वेगळाच.

गंमत अशी, की ज्या इमारतीत बसून आपण रेंजला शिव्या घालतो, तिच्या गच्चीवर दूरदर्शनचा सिग्नल चोवीस तास फुकट पडत असतो. राजारामपुरीतल्या हॉस्टेलवर पडतो आणि चंदगडच्या वाडीवरही तितकाच पडतो. तो पकडायला महिन्याचं पॅक लागत नाही, लॉगिन लागत नाही. पण बहुतेकांच्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसलंय : टीव्ही बघायचा म्हणजे कुणाचा तरी बॉक्स घ्यायचा किंवा कुणाचं तरी ॲप. आपला स्वतःचा लॅपटॉप हाच टीव्ही होऊ शकतो, तोही लिनक्सवर, एक पैसा सॉफ्टवेअरला न देता, हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं. आज त्याबद्दल बोलू.

आधी हक्काचं. १९९३च्या हिरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद पेटला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ला निकाल लागला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत, एस. मोहन आणि बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठानं सांगितलं, की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकांच्या हितासाठीच व्हायला हवा. मुख्य निकालपत्र लिहिणारे सावंत आपले मराठीच. पुढं ते प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले. मास कॉमच्या पोरांना हा निकाल परीक्षेपुरता पाठ असतो. पण तो फक्त पत्रकारांसाठी नाही, बघणाऱ्यासाठीही आहे. लहर तुमची आहे. मग ती पकडायचं साधनही तुम्हाला समजायला नको?

त्यानंतरचं जरा लक्षात ठेवा. डिसेंबर २००४मध्ये दूरदर्शननं ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावानं मोफत डीटीएच सुरू केलं. तेच आजचं ‘डीडी फ्री डिश’. २००७मध्ये कायदा झाला, की राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या स्पर्धांचं प्रक्षेपण प्रसार भारतीलाही द्यावंच लागेल. आणि २०१७मध्ये आला ‘स्वयंप्रभा’ हा शैक्षणिक वाहिन्यांचा गट. आयआयटी, यूजीसी, इग्नू अशा संस्थांचे लेक्चर्स थेट उपग्रहावरून. रोज किमान ४ तासांचा नवा मजकूर आणि दिवसभरात त्याचीच आणखी ५ वेळा उजळणी, अशी त्याची रचना. सकाळचं प्रॅक्टिकल असेल तर रात्री बघा, असा सरळ हिशोब. आपल्यातल्या किती जणांनी यातली एक तरी वाहिनी लावून बघितलीय?

आता मुद्द्याचं, म्हणजे ट्यूनरचं. ऑनलाईन शोधलं की पेन ड्राईव्हएवढी, छोट्या अँटेनाची ‘डिजिटल टीव्ही स्टिक’ स्वस्तात दिसते. थांबा, लगेच ऑर्डर मारू नका. ही स्टिक जमिनीवरच्या टॉवरचा सिग्नल पकडते, आणि बहुतेक स्वस्त स्टिक ‘डीव्हीबी-टी’ या जुन्या पद्धतीच्या असतात. आपल्या दूरदर्शननं घेतली ती पुढची पद्धत, ‘डीव्हीबी-टी२’. तीही फेब्रुवारी २०१६मध्ये देशातल्या १६ शहरांत सुरू झाली. त्यात महाराष्ट्रातली दोनच : मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद. कोल्हापूर त्या यादीत नव्हतं. गच्चीवरच्या काड्यांच्या अँटेनाचे दिवसही सरले, कारण जुने ॲनालॉग ट्रान्समीटर मोजके सोडता २०२२पर्यंत बंद करायचं प्रसार भारतीनं ठरवलं होतं. त्यामुळं अशी स्टिक लावून शून्य चॅनेल आले की ‘लिनक्स बेकार आहे’ म्हणून मोकळं होऊ नका. इथं हवेत नसलेली गोष्ट कुठलीच सिस्टीम दाखवणार नाही.

कोल्हापुरात चालेल तो उपग्रहाचा ट्यूनर, म्हणजे ‘डीव्हीबी-एस२’ लिहिलेला. तोही यूएसबीवर मिळतो, पण पेन ड्राईव्हसारखा नसतो. छोटा डबा असतो आणि त्याला वेगळा ॲडॉप्टर असतो. का? डिशच्या छत्रीसमोर जो एलएनबी बसवलेला असतो, त्याला केबलमधूनच १३ किंवा १८ व्होल्ट वीज द्यावी लागते. व्होल्ट बदलला की तो उभ्या किंवा आडव्या लहरी निवडतो. लॅपटॉपचा यूएसबी पोर्ट देतो ५ व्होल्ट. म्हणून ॲडॉप्टर बाजूला ठेवून ‘चालत नाही’ म्हणायचं नाही.

छत्री कुठं वळवायची? फ्री डिशचा सिग्नल येतो जीसॅट-१५ या उपग्रहावरून. हा इस्रोचा उपग्रह नोव्हेंबर २०१५मध्ये अवकाशात गेला आणि विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे. आपण ७४ अंशांच्या आसपास. हिशोब केला तर कोल्हापुरातून छत्रीचा रोख आग्नेयेला आणि क्षितिजापासून साधारण ६० अंश वर येतो. भूगोल आणि त्रिकोणमिती शेवटी इथं कामाला येते! घरी आधीच फ्री डिश असेल तर नवी छत्रीही नको. दोन आउटपुटचा एलएनबी बसवून एक केबल टीव्हीला आणि एक तुमच्या ट्यूनरला द्या. घरच्यांची मालिका बंद पाडून प्रयोग केलात, तर प्रयोग पहिल्याच दिवशी संपेल.

आता लिनक्स. विंडोजवर आपण सीडी शोधतो, ड्रायव्हर शोधतो. इथं ड्रायव्हर बहुतेक वेळा कर्नेलमध्येच असतो. ट्यूनर लावा, टर्मिनल उघडा आणि ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्या. यादीत तुमचं यंत्र दिसायला हवं. मग ‘डीमेसेज’ वाचा. कर्नेलनं त्या यंत्राबद्दल काय म्हटलंय, ते तिथं ओळीनं लिहिलेलं असतं. सगळं जमलं असेल तर ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये ‘डीव्हीबी’ आणि त्याच्या आत ‘ॲडॉप्टर झिरो’ तयार होतो. नसेल जमलं तर नव्वद टक्के उत्तर त्याच ओळींत असतं, आणि ते बहुधा ‘फर्मवेअर सापडलं नाही’ असं असतं. फर्मवेअर म्हणजे ट्यूनरच्या चिपला सुरू होताना लागणारी छोटी फाईल. ती योग्य फोल्डरमध्ये ठेवायची, ट्यूनर काढून परत लावायचा. म्हणूनच विकत घेताना खोक्यावरच्या नावाला भुलू नका, आतली चिप कोणती ते विचारा. नाव तेच ठेवून चिप बदलणारे उत्पादक असतात.

पुढं उरतं चॅनेल शोधणं. ‘कॅफीन’ नावाचं सॉफ्टवेअर नवख्यांना सोपं. टर्मिनलवाल्यांसाठी ‘डीव्हीबी-व्ही५-स्कॅन’ आहे. यादी तयार झाली की व्हीएलसीवरही बघता येतं. आणि खरी मजा पुढं आहे. एका फ्रीक्वेन्सीवर अनेक वाहिन्या एकत्र बांधून पाठवलेल्या असतात. ट्यूनर तो अख्खा गठ्ठा घेतो. म्हणजे त्याच गठ्ठ्यातली एक वाहिनी बघताना दुसरी रेकॉर्ड करता येते. ‘टीव्ही-हेडएंड’ लावलंत तर वेळ ठरवून लेक्चर आपोआप साठवता येतं आणि हॉस्टेलच्या वायफायवरून सगळ्या खोल्यांत बघता येतं. त्यासाठी इंटरनेट चालू असायची गरज नाही. जिथं रेंज शोधत टेकडीवर चढावं लागतं तिथल्या मुलामुलींसाठी ही छोटी गोष्ट नाही.

आता खरं ते खरं. खासगी डीटीएचचे पैशांचे चॅनेल असे दिसत नाहीत, ते कुलूपबंद असतात. ते कुलूप फोडायच्या भानगडीत पडू नका, तो वेगळा गुन्हा आहे. आषाढात पाऊस कोसळायला लागला की उपग्रहाचा सिग्नल मान टाकतो, हेही खरं. आणि पहिली संध्याकाळ डोकं धरून बसण्यात जाऊ शकते.

मग एवढा कुटाणा कशाला, मोबाईलवर सगळं मिळतंच की! हा प्रश्न तुम्ही विचारणारच. तीन उत्तरं आहेत.

पहिलं, प्रक्षेपण एकतर्फी असतं. एक बघो की एक कोटी, सिग्नलवर ताण येत नाही. आणि तुम्ही काय बघितलं, किती वेळ थांबलात, कुठं पुढं सरकवलंत, याची नोंद उपग्रहाकडं जात नाही. ॲपकडं जाते. कुणाच्या नजरेत न येता बघण्याची ही सोय आपण न विचारताच सोडून दिलीय.

दुसरं, २०१९ आणि २०२१चा महापूर आठवा. पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागं टाकली होती. वीज गेली, नेट गेलं, की मोबाईल नुसता टॉर्च उरतो. अशा वेळी आकाशवाणीचा आवाज किती मोलाचा असतो, हे प्रयाग चिखली किंवा आंबेवाडीच्या माणसाला विचारा. आणि इथंच ती मघाची ‘बिनकामाची’ स्टिक परत येते. तिच्यातल्या ‘आरटीएल-२८३२यू’ या चिपमधून कच्चा सिग्नल थेट संगणकात घेता येतो, हे २०१२मध्ये फिनलंडच्या अँटी पालोसारी यांच्या लक्षात आलं. ‘ऑस्मोकॉम’ या मुक्त सॉफ्टवेअर गटानं त्यावर काम केलं आणि टीव्हीची स्टिक चक्क रेडिओ झाली. लिनक्सचा टीव्हीवाला ड्रायव्हर तेवढा बाजूला करायचा, ‘जीक्यूआरएक्स’ उघडायचं आणि १०२.७वर आपलं आकाशवाणी कोल्हापूर लावायचं. लॅपटॉपच्या बॅटरीवर चालतं. साधा ट्रान्झिस्टर हे काम जास्त काळ करेल, नक्कीच. पण लहर स्क्रीनवर उमटताना बघून जे समजतं, ते ट्रान्झिस्टर शिकवत नाही. फक्त सर्वांसाठी असलेलं प्रक्षेपणच ऐका, दुसऱ्यांचे संदेश ऐकत बसू नका.

तिसरं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. लिनक्स सुरू झालं १९९१मध्ये, हेलसिंकीतल्या २१ वर्षांच्या एका विद्यार्थ्याच्या हातून. तुमच्याच वयाच्या. टीव्ही ट्यूनरचे कित्येक ड्रायव्हर असेच कुणीतरी स्वतःची गरज म्हणून लिहिले आणि सगळ्यांसाठी उघडे ठेवले. तो कोड तुम्ही वाचू शकता, बदलू शकता. आपल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना ‘क्यूपीएसके’ची व्याख्या तोंडपाठ असते, पण गच्चीवरून येणारा खरा क्यूपीएसके सिग्नल किती जणांनी बघितलाय?

म्हणून मागण्याही करायला हव्यात. २०२०मध्ये ट्रायनं शिफारस केली, की सेट टॉप बॉक्स कुठल्याही कंपनीच्या सेवेला चालणारा असावा. २०२२मध्ये बीआयएसनं अंगभूत उपग्रह ट्यूनर असलेल्या टीव्हीसाठी मानक आणलं. दोन्हींची दिशा बरोबर आहे. पण दुकानात गेल्यावर ‘यात फ्री डिशचा ट्यूनर आहे का?’ हे गिऱ्हाईकच विचारत नसेल, तर मानक कागदावरच राहणार. घरी पुढचा टीव्ही घ्यायला जाल, तेव्हा हा प्रश्न नक्की विचारा.

दुसरी मागणी आपापल्या कॉलेजकडं. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात आणि जिल्ह्यातल्या कॉलेजांत भंगारात निघायची वाट बघणारे संगणक कमी नाहीत. त्यातल्या एकावर लिनक्स टाका, एक ट्यूनर जोडा, गच्चीवर एक छत्री लावा. इलेक्ट्रॉनिक्सला प्रॅक्टिकल, मास कॉमला स्टुडिओ, लायब्ररीला स्वयंप्रभाचा साठा. एवढ्या कमी खर्चात तीन विभागांचं काम करणारं दुसरं यंत्र दाखवा! विभागप्रमुख ‘निधी नाही’ म्हणाले, तर वर्गणी काढा. गणपतीला काढतोच की आपण.

सुरुवात मात्र पैसे न घालवता करता येते. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका, टर्मिनल उघडा आणि एकदा ‘डीमेसेज’ सावकाश वाचा. तुमचं यंत्र तुमच्याशी काय बोलतं, ते आधी ऐका. छत्री त्यानंतर.