हार्ड डिस्कचा वेग आणि पेन ड्राइव्हची कसोटी

वेगवान डिस्क बसवली म्हणून रोजच्या कामात संगणक जलद चालतो, ही समजूत खोटी आहे असे ठणकावून सांगणारा एक पक्ष आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : वेग प्रोसेसरात असतो, उरलासुरला रॅममध्ये, डिस्क ही माल ठेवायची जागा, तिच्यावर खर्च करणे म्हणजे दुकानदाराची धन करणे. पुरावा म्हणून तो एक प्रयोग पुढे करतो. एकच सिनेमा पेन ड्राइव्हवरून जुन्या डिस्कवर आणि नव्या एसएसडीवर उतरवला, दोन्हीकडे सारखाच वेळ लागला. सबब डिस्कच्या वेगाने फरक पडत नाही.

या प्रयोगात मोजला गेला तो पेन ड्राइव्ह. यूएसबी २.० चा पेन ड्राइव्ह प्रत्यक्षात सेकंदाला फार तर ३०-३५ एमबी देतो. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणारी साधी डिस्क १०० एमबीहून अधिक सहज लिहिते, साटा एसएसडी ५०० च्या आसपास. दोघीही पेन ड्राइव्हची वाट पाहत बसल्या, आणि निकाल मात्र डिस्कच्या नावावर लावला गेला.

अडथळा काढून टाकला तरी कसोटी चुकीचीच राहते. सिनेमा ही सलग फाइल असते. सोलापुरी चादरीच्या जकार्ड मागावर पुठ्ठ्याची भोके पाडलेली कार्डे दोरीने ओवून माळ केलेली असते. आडव्या धाग्यागणिक एक कार्ड पुढे सरकते, क्रम कधी मोडत नाही. सिनेमाची नक्कल अशीच क्रमाने चालते. विंडोज सुरू होणे किंवा टॅली उघडणे हे काम तसे नाही. तिथे सातवे कार्ड, मग नऊशेवे, मग त्रेचाळिसावे अशी मागणी असते : हजारो लहान तुकडे, डिस्कभर विखुरलेले. प्रत्येक तुकड्यासाठी वाचणारे डोके योग्य रेषेवर न्यावे लागते, त्याला साधारण ९ मिलिसेकंद लागतात; मग तबकडी फिरून तो भाग खाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.२ मिलिसेकंद, थांबावे लागते. एकूण १३. सेकंदाला जेमतेम ७५ तुकडे. तुकडा ४ केबीचा धरला तर १०० एमबीची फुशारकी ३०० केबीवर येते. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. तिथे एक तुकडा सुमारे ०.१ मिलिसेकंदात हाती येतो. फरक शंभरपटीहून जास्त, आणि पेन ड्राइव्हच्या प्रयोगात त्याचा मागमूसही लागत नाही.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरींच्या कारखान्यातले बिलिंगचे जुने यंत्र सकाळी चालू करून टास्क मॅनेजर उघडावा. अपडेट आणि अँटिव्हायरस एकाच वेळी डिस्कवर तुटून पडलेले असतात. डिस्कपुढे लाल रंगात १०० टक्के, प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांवर, आणि वाचनाचा वेग सेकंदाला एक-दोन एमबी. ट्रान्सपोर्टचा माणूस ई-वे बिलासाठी दारात उभा असतो. हे आकडे डोळ्यांसमोर असताना प्रोसेसर बदलायला सांगणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

याच पक्षाने विंडोज ९८ च्या काळात दर महिन्याला ‘डीफ्रॅग करा’ असा धोशा लावला होता. डीफ्रॅगने फाइलचे विखुरलेले तुकडे जवळ येत, डोक्याची धावपळ कमी होई आणि यंत्र थोडे हलके चाले. म्हणजे दुखणे डिस्कच्या हालचालीत आहे हे तेव्हा मान्य होते. ती हालचालच नाहीशी झाल्यावर फरक पडत नाही, असे आता कोणत्या तोंडाने म्हणायचे?

बाकीच्या आक्षेपांना फार जागा लागत नाही. रॅम हवीच, पण ४ जीबी रॅम अपुरी पडली की विंडोज जादा भार डिस्कवरच टाकते. एसएसडी लवकर झिजते ही भीती कार्यालयीन वापरात निराधार आहे. इंटरनेटचा वेग तिने वाढत नाही, हे खरे. ५४०० फेऱ्यांची डिस्क काढून ७२०० ची बसवली तर फिरण्याचे १.४ मिलिसेकंद वाचतात, एवढा फरक क्वचितच जाणवतो. विरोधकाचे म्हणणे तेवढ्यापुरते बरोबर आहे.

म्हणून जुन्या यंत्रात विंडोज आणि रोजचे प्रोग्राम साटा एसएसडीवर घ्यावेत, जागा असेल तर फोटो-व्हिडिओंसाठी जुनी डिस्क राहू द्यावी. अडीच इंची एसएसडी बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये मूळ डिस्कच्याच जागी बसते. त्यापुढे एनव्हीएमई एसएसडीच्या खोक्यावरचे ३५०० एमबी पाहून हुरळू नये. लहान तुकडे उचलण्यात तिची आघाडी मर्यादितच असते. बिलिंग आणि पत्रव्यवहारासाठी ते जादा पैसे ८ जीबी रॅमवर घालावेत.