‘निर्णय तुमचा’ : एका अर्धसत्याविषयी

‘आम्ही फक्त माहिती देतो, निर्णय तुमचा.’ जनुकीय समुपदेशनाच्या खोलीत या ना त्या स्वरूपात उच्चारले जाणारे हे वाक्य वरवर पाहता उदार वाटते. वस्तुतः ते अर्धसत्य आहे, आणि त्यातला उरलेला अर्धा भाग उघड करणे हे डॉक्टरांइतकेच भाषेच्या अभ्यासकांचेही काम आहे. आपल्या साहित्यविभागांनी ते आपले मानलेले नाही, ही तक्रार आरंभीच नोंदवतो.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रेना रॅप यांनी ते मानले. ‘टेस्टिंग विमेन, टेस्टिंग द फीटस’ हा त्यांचा ग्रंथ १९९९ साली प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कमध्ये गर्भजल-परीक्षणाला सामोऱ्या जाणाऱ्या, ते नाकारणाऱ्या, निदानानंतर गर्भपात करणाऱ्या आणि अपंग मुले वाढवणाऱ्या स्त्रियांशी त्या बोलल्या. समुपदेशक आणि प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ यांचेही काम त्यांनी जवळून पाहिले. स्वतः त्याच प्रसंगातून गेलेल्या या अभ्यासकाने स्त्रियांना ‘नैतिक वाटाड्ये’ म्हटले. कोणता जीव जन्माला यावा हा प्रश्न तत्त्वज्ञांच्याही आधी या स्त्रियांपुढे येऊन ठेपतो. वर्ग, वंश, धर्म आणि भाषा यांनुसार एकाच वैद्यकीय वाक्याचे अर्थ किती वेगळे होतात, हे रॅप दाखवतात. हे संहितावाचन नाही तर काय आहे?

समुपदेशकाच्या तटस्थतेचा उगम सन्माननीय आहे, हे मान्य करायलाच हवे. ‘जनुकीय समुपदेशन’ ही संज्ञा शेल्डन रीड यांनी १९४७ साली रूढ केली, ती सुप्रजननवादाच्या काळ्या सावलीपासून दूर जाण्यासाठी. कुणी जन्मावे हे शासनाने ठरवू नये, हा धडा महागात पडून शिकलेला होता. पण आज्ञा न देणे म्हणजे तटस्थ असणे नव्हे. आज्ञा शब्दांतही लपते.

उदाहरणार्थ, ‘टेस्ट पॉझिटिव्ह आली.’ रक्ताची प्राथमिक तपासणी ही चाळणी असते, निदान नसते. तिचे उत्तर ‘२५० मध्ये १’ असे येते. म्हणजे अशा २५० गर्भांपैकी २४९ मध्ये तो दोष नसण्याची अपेक्षा. पण चाळणी आणि निदान या दोहोंना आपण ‘टेस्ट’च म्हणतो, आणि शक्यता ऐकायला आलेली बाई निकाल ऐकून घरी जाते. पुन्हा, शक्यतेला ‘धोका’ म्हटले की मूल्यनिर्णय होऊनच गेला. मुलगा होण्याचा ‘धोका’ असे आपण कधी म्हणतो का?

नावांचेही तेच. जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ साली केलेल्या वर्णनात एका मानववंशाचे नाव व्यंगाला चिकटवले. मंगोलियाच्या हरकतीनंतर जागतिक आरोग्य संघटनेने १९६५ साली ते सोडून दिले. ‘सदोष गर्भ’ मात्र मराठीत सुखाने नांदतो आहे.

आता घरच्या अंगणात येऊ. गर्भलिंगनिदानाला कायद्याने आवर घालणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. तो कायदा १९८८ चा, केंद्राचा १९९४ चा. तरीही राज्यात शून्य ते सहा वयोगटातल्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ झाली. म्हणजे बंद खोलीतली निवड खाजगी नसते, तिच्यामागे हुंडा, वारसा आणि सासर उभे असते, हे आपण कायदा करून कबूल केले. मग अपंगत्वाच्या बाबतीत तीच निवड एकाएकी निखळ खाजगी कशी होते? विशेष शाळेची फी, रस्त्यावरची टोचणारी नजर, ‘आमच्यानंतर याचे कोण करणार’ ही आईबापांची भीती, हे सारे खोलीबाहेरच राहते काय?

यावर विचारले जाईल : म्हणजे तुमचा गर्भपाताला विरोध आहे? मुळीच नाही. निर्णय स्त्रीचाच असावा, आणि तो खरोखर तिचा नाही हीच माझी तक्रार आहे. २००८ साली निकेता मेहता प्रकरणात, गर्भाच्या हृदयातील दोषामुळे मागितलेली परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने नाकारली. तेव्हा २० आठवड्यांची मर्यादा होती. २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांतील स्त्रियांसाठी ती २४ आठवडे केली. गर्भातील लक्षणीय विकृतीच्या बाबतीत त्यापुढेही गर्भपात शक्य झाला, पण विकृती ‘लक्षणीय’ आहे की नाही हे ठरवते वैद्यकीय मंडळ. म्हणजे एका विशेषणाचा अर्थ लावण्याचा अधिकारही जिचा गर्भ आहे तिला नाही. ‘निर्णय तुमचा’ म्हणायचे, आणि शब्दकोश मात्र आपल्या हाती ठेवायचा!

तेव्हा ‘निर्णय तुमचा’ खरे व्हायचे असेल, तर माहितीत जनुकांबरोबर जगण्याचाही समावेश हवा. असे मूल वाढवणाऱ्या आईची आणि गर्भपात केलेल्या स्त्रीची, अशा दोघींची साक्ष हवी. आणि त्यासाठी, शक्यतेला शक्यता म्हणणारी मराठी हवी. ती प्रयोगशाळेत तयार होणार नाही. ती घडवण्याची जबाबदारी भाषेवर पोट भरणाऱ्या आपणा सर्वांची आहे.