कज्जली, स्फटिक आणि कपाशीची अळी

अकोला-अमरावतीकडील ज्या घरांचा शेतीशीं अजून संबंध आहे, तेथें मृगाच्या सुमारास बियाण्याच्या पाकिटावरील ‘बीटी’ या दोन अक्षरांची चर्चा हटकून होते. हीं एका जंतूच्या नांवाचीं आद्याक्षरें, एवढें पुष्कळांस ठाऊक असतें. त्या जंतूच्या पोटांत एक स्फटिक असतो, आणि तसल्या स्फटिकांचें अंतरंग उकलण्यास शास्त्रज्ञांना पाऱ्याचें साहाय्य घ्यावें लागलें, ही हकीकत मात्र क्वचितच कोणी सांगतो. या महिन्यांत ती वाचकांपुढें ठेवितों.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जंतु १९०१ सालीं जपानांत इशिवाता यांस रोगट रेशमी किड्यांत आढळला. नांव त्यास १९१५ सालीं बर्लिनर यांनीं जर्मनींतील थुरिंजिया प्रांतावरून दिलें. बीजाणु धरतांना हा जंतु आपल्या पेशींत प्रथिनाचा एक इवलासा स्फटिक बनवून ठेवितो. अळीनें तो गिळला कीं तिच्या क्षारधर्मी आतड्यांत तो विरघळतो, आणि मोकळें झालेलें प्रथिन आतड्याच्या अस्तरास भोकें पाडतें. माणसाचें जठर आम्लधर्मी. शिवाय या प्रथिनास जेथें चिकटावयाचें ती जागाच आपल्या आतड्यांत नाहीं. (सरकीच्या तेलाची धास्ती घेणाऱ्या गृहिणींनीं इतकें ध्यानांत घ्यावें कीं, शुद्ध केलेल्या तेलांत प्रथिन जवळजवळ उरतच नाहीं.)

परंतु भोकें पडतात तीं कशीं? हें कळण्यास प्रथिनाची ठेवण अणुगणिक ठाऊक पाहिजे, आणि तेथें सूक्ष्मदर्शकाची मात्रा चालत नाहीं. स्फटिकांतून क्ष-किरण जाऊं दिले तर पलीकडे ठिपक्यांची रांगोळी उमटते. प्रत्येक ठिपका ही एक लाट. ठिपक्याच्या तेजावरून लाटेची उंची समजते. पण ती शेजारच्या लाटेच्या पुढें होती कीं मागें, याचा उल्लेख त्यांत नसतो. गाण्याच्या बैठकींतील प्रत्येक वाद्य किती मोठ्यानें वाजलें एवढें कळावें, आणि सम कोठें पडली हें मात्र कळूं नये, तर चीज ओळखावी कशी? केंब्रिज येथें मॅक्स पेरुट्झ यांनीं १९३७ सालीं रक्तांतील हिमोग्लोबिनचें काम हातीं घेतलें, आणि या हरवलेल्या समेपायीं त्यांचीं सोळा वर्षें गेलीं.

वाट सांपडली ती १९५३ सालीं. हिमोग्लोबिनला पारा जोडला तरी तें आपलें काम सोडीत नाहीं, असें अमेरिकेंतील ऑस्टेन रिग्ज यांनीं दाखविलें होतें. कार्बनच्या अणूंत इलेक्ट्रॉन सहा, पाऱ्याच्या अणूंत ऐंशीं. आणि क्ष-किरणांस दिसतात ते इलेक्ट्रॉनच. सपाट ज्वारीच्या शेतांत एकच उंच बाभूळ असावी, आणि तिच्यावरून सारीं अंतरें धरावीं, तसें हें आहे. शिवाय पाऱ्याची गंधकावर किती आसक्ति, हें कज्जली घोटणाऱ्या वैद्यास सांगावयास नको. खलांत दोहोंचें मर्दन केलें कीं चंचल पारा दिसेनासा होऊन काजळासारखी काळी पूड होते. प्रथिनांतही गंधकाचे अणु ठराविक जागीं असतात. पारा तेथेंच जाऊन बसतो.

मर्दन अर्थात् येथें चालावयाचें नाहीं. प्रथिनाचा स्फटिक मिठाच्या खड्यासारखा भरीव नसतो. साधारण निम्मा भाग पाणी, आणि त्या पाण्याच्या वाटा आंतून आरपार गेलेल्या. म्हणून पारा, प्लॅटिनम, सोनें अथवा युरेनियम यांच्या क्षाराच्या सौम्य द्रवांत स्फटिक भिजत ठेवावयाचा, कधीं कांहीं तास, कधीं कांहीं दिवस. द्रव कडक झाला कीं स्फटिक तडकतो. फार सौम्य असला तर पारा बसत नाहीं. आणि पारा बसून स्फटिकाची घडण किंचित् सरकली, तरीही श्रम वायां. सगळें होतें तसेंच राहून केवळ एका जागीं जड अणु यावा, ही अट. मग भिजविलेल्या व कोऱ्या स्फटिकांच्या ठिपक्यांतील फरकावरून जड अणूची जागा निघते, आणि त्या जागेवरून लाटांची सम. त्यांतही एका जड अणूनें प्रत्येक लाटेस दोन उत्तरें संभवतात. दुसरा निराळा धातु भिजवावा, तेव्हां खोटें उत्तर गळतें. आमच्या मतें या शास्त्रांत गणितापेक्षां चिकाटीच अधिक खर्ची पडली आहे. पेरुट्झ आणि त्यांचे सहकारी केन्ड्रू यांस १९६२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें याच कामाबद्दल.

बीटी विषाच्या एका जातीची रचना केंब्रिज येथेंच जेड ली, जो कॅरोल व डेव्हिड एलर यांनीं १९९१ सालीं याच रीतीनें उकलली. तें विष भुंगेऱ्यांवरचें; कपाशींतल्या विषाच्या अधिक जवळच्या भावंडाची रचना १९९५ सालीं आली. तीन भाग दिसले. पैकीं एकांत सात मळसूत्री कांड्यांची जुडी, मध्यें एक व भोंवतीं सहा, आणि अस्तर भेदण्याचें काम हिचें. उरलेल्या भागांचें मुख्य काम अळीच्या आतड्यावरील नेमकी जागा हुडकून तेथें चिकटण्याचें.

ही जागाच वऱ्हाडास महाग पडली. बीटी कपाशीला आपल्या देशांत परवानगी मिळाली २००२ सालीं, दोन विषांच्या वाणास २००६ सालीं. पुढें गुलाबी बोंडअळीनें आपल्या आतड्यांतील कॅड्हेरिन नांवाचें प्रथिन बदललें. किल्ली तीच, कुलूप निराळें. २०१७ च्या हंगामांत तिनें विदर्भांतील कपाशीचें काय केलें, हें ज्यांनीं किडकीं बोंडें फोडून पाहिलीं त्यांस विचारावें. बियाण्याचे पैसे तर द्यावे लागलेच, वर फवारणीचेही.

नवें कुलूप पाहावयाचें तर तेंही स्फटिकांतूनच. इंदूरच्या इंडस-२ या यंत्रावर भाभा अणुसंशोधन केंद्रानें प्रथिनांच्या स्फटिकांसाठीं क्ष-किरणांची स्वतंत्र सोय केली आहे. किरणांची ऊर्जा तेथें बदलतां येते, म्हणून एकाच जड अणूवर निरनिराळ्या ऊर्जा पाडून सम धरतां येते. अकोल्याहून सातपुडा ओलांडला कीं इंदूर. संगणक आतां पुष्कळ प्रथिनांचे आकार अंदाजानें सांगूं लागला आहे खरा, त्याबद्दल २०२४ चें नोबेलही दिलें गेलें. तरी अंदाज पडताळावयास स्फटिक लागतोच.

अळी मात्र तितके दिवस थांबत नाहीं. चार पैशांच्या आशेनें फरदड ठेविली कीं तिला उन्हाळ्यापर्यंत पुरेल इतका शिधा घरबसल्या मिळतो. ज्यांचीं शेतें ठोक्यानें दिलेलीं आहेत, त्यांनीं डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटल्या कीं नाहीं, याची एक फेरी मारून खात्री करावी.