चार अक्षरांचे नाव

मधल्या सुट्टीत शाळेच्या मैदानावर क्षणभर उभे राहिले, तर एक शब्द हटकून कानी पडतो : 'देवाशपथ!' चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, एवढाच वाद. परंतु त्याच्या निवाड्यास साक्षात परमेश्वरास पाचारण होते. आपण कोणास बोलाविले, याचे भान मात्र बोलावणाऱ्यास नसते. ही सवय किरकोळ समजू नये, असे आमचे मत आहे. आणि त्याचे कारण आपल्याच कोकणातील एका समाजाच्या इतिहासावरून आम्ही सांगू इच्छितो.

रत्नागिरीच्या उत्तरेस, पूर्वी कुलाबा व आता रायगड म्हणविल्या जाणाऱ्या जिल्ह्यात, बेने इस्राएल लोक शतकानुशतके राहत आले. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले; सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे हे लोक तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले, गावांवरून दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावे लावू लागले. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. हिब्रू भाषा ते विसरले. परंतु 'शेमा' नामक प्रार्थनेचे शब्द विसरले नाहीत. ईश्वर एकच आहे, असे सांगणाऱ्या या प्रार्थनेच्या पहिल्याच वाक्यात ईश्वराचे पवित्र नाव दोनदा येते. पुढे १८३२ साली रेव्हरंड जॉन विल्सन यांनी या लोकांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. विसरलेली भाषा शिकण्याची वाट त्यांस अशी मायबोलीतूनच खुली झाली.

ते पवित्र नाव चार अक्षरांचे आहे : योद, हे, वाव, हे. हिब्रू शास्त्रात ते सुमारे ६,८०० वेळा लिहिलेले आहे. तथापि धर्मनिष्ठ यहुदी ते उच्चारीत नाही. त्या जागी तो 'अदोनाय', म्हणजे 'माझा प्रभू', असे वाचतो. यरुशलेमच्या मंदिरात प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक ते नाव उच्चारीत असे, इ. स. ७० मध्ये मंदिर उद्ध्वस्त झाले आणि तोही उच्चार थांबला. जुन्या हिब्रू लेखनात बहुतेक व्यंजनेच लिहीत. पुढे स्वरचिन्हे आली, तेव्हा पंडितांनी या चार अक्षरांना 'अदोनाय'चे स्वर जोडले, ते वाचकास सूचना म्हणून. ती सूचना न उमगून दोन्ही एकत्र वाचली गेली आणि 'यहोवा' हे रूप रूढ झाले. मूळ उच्चार 'याव्हे'च्या जवळचा असावा, असे बहुतेक विद्वान मानतात.

उच्चाराविषयी असा तर्क करावा लागतो. अर्थाचा धागा मात्र हाती आहे. निर्गमाच्या पुस्तकात मोशे ईश्वरास त्याचे नाव विचारतो, तेव्हा उत्तर 'असणे' या क्रियापदाने मिळते : 'एह्ये'. याचा अर्थ 'मी आहे' असा होतो, तसाच 'मी असेन' असाही होतो. चौकस विद्यार्थ्यास येथे आपला 'आहे' आठवेल. हे साम्य केवळ योगायोगाचे. दोन्ही भाषांची कुळे निराळी आहेत. परंतु भाव मराठी मनास सहज कळतो : जो आहे, आणि जो पुढेही सोबत असेल. गुलामीत पिचलेल्या लोकांस सांगण्यासाठी मोशेस हे उत्तर मिळाले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातील धीर कळतो.

कोणी म्हणेल, न उच्चारल्यामुळे अखेर नाव हरवलेच ना? उच्चार हरवला, हे खरे. पण आपल्या घरातील आजी आजोबांचे नाव घेत नसे. घेतलेच तर उखाण्यात, तेही लाजत. म्हणून ती त्यांस विसरली होती काय? आपल्या संतांनी नाम अखंड घेण्यास सांगितले, तेही या मौनाच्या विरुद्ध नाही. दोहोंच्या मुळाशी एकच आदर आहे. नाम जपणे निराळे आणि नाम उधळणे निराळे.

यहुद्यांचा उच्चार गेला, पण अर्थ राहिला. आपल्या मैदानावर उच्चार उदंड आहे, अर्थ मात्र जात चालला आहे. याचा दोष केवळ मुलांचा नव्हे. 'घे पाहू देवाची शपथ!' असे मुलास प्रथम आपण वडीलधारी मंडळीच म्हणतो. आणि तुझ्या साध्या शब्दावर आमचा विश्वास नाही, हेच त्यास शिकवितो. पालकांस आमची विनंती आहे की, मुलाने 'मी केले नाही' असे सांगितले, तर शपथ मागू नये. विद्यार्थ्यांसही एवढेच सांगणे आहे : तुमचा शब्द असा असू द्या की, चेंडू कोठे पडला हे सांगावयास त्याला दुसरा साक्षीदार लागणार नाही.