‘बाकुराऊ’ : अर्ध्यावरून उठू नये असा चित्रपट

एखादा चित्रपट कोणत्या जातीचा आहे हे पहिल्या दहा मिनिटांत कळले नाही की आपल्यातील पुष्कळ रसिक अस्वस्थ होतात. सामाजिक म्हणून तिकीट काढावे आणि मध्यंतरानंतर बंदुका वाजू लागाव्यात, म्हणजे आपली फसवणूक झाली असे त्यांना वाटते. ‘बाकुराऊ’ ह्या ब्राझीलच्या चित्रपटावरून आमच्या स्नेही मंडळींत जे दोन तट पडले आहेत, त्यांच्या मुळाशी हीच तक्रार आहे. एक पक्ष म्हणतो, पहिला तास उत्तम, पुढे नुसता रक्तपात. दुसरा म्हणतो, पहिला तास रटाळ, पुढे कोठे रंग भरतो. आमच्या मते दोन्ही पक्षांनी चित्रपट अर्धाच पाहिला आहे. आणि म्हणूनच ज्यांनी तो अद्याप पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हा लेखनप्रपंच.

क्लेबेर मेंदोन्सा फिल्यो आणि जुलियानो दोर्नेलेस ह्या दिग्दर्शकद्वयाचा हा चित्रपट २०१९ सालचा. त्या वर्षी कान महोत्सवात त्याला परीक्षक मंडळाचे पारितोषिक मिळाले, तेही एका फ्रेंच चित्रपटाबरोबर विभागून. मात्र ऑस्करसाठी ब्राझीलने पाठविला तो ‘बाकुराऊ’ नव्हे, दुसराच चित्रपट. मेंदोन्सा हे मूळचे रेसिफे शहरातले वृत्तपत्री चित्रपटसमीक्षक; दुसऱ्यांचे शेकडो चित्रपट तपासून झाल्यावर स्वतःचे करावयास लागलेले. २०२५ साली कानलाच त्यांना ‘गुप्त हेर’ अशा अर्थाच्या नावाच्या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा मान मिळाला, तेव्हा पुष्कळांनी मागे वळून ‘बाकुराऊ’ पाहिला, आणि वाद नव्याने पेटला.

कथा घडते ती ब्राझीलच्या ईशान्येकडील ‘सेर्ताव’ नावाच्या कोरड्या मुलखात. हा प्रदेश अवर्षणाचा. आपल्या दख्खनमध्ये १८७६ ते ७८ चा जो भीषण दुष्काळ पडला, त्याच सुमारास तिकडेही माणसे अशीच अन्नपाण्यावाचून मेली. बाकुराऊ हे तिथले एक कल्पित खेडे. धरणाचे पाणी तोडलेले, म्हणून टँकर येतो. त्या टँकरमध्ये बसून एक तरुणी आजीच्या अंत्यविधीसाठी गावी परतते. वाटेत रस्त्यावर रिकाम्या शवपेट्या विखुरलेल्या दिसतात. मग अंत्ययात्रा, गावाची तऱ्हेवाईक माणसे, सोनिया ब्रागाने रंगवलेली, दारू पिऊन भर अंत्यविधीत आरडाओरडा करणारी डॉक्टरीणबाई. निवडणूक जवळ आली म्हणून नगराध्यक्ष येतो आणि मुदत टळलेले अन्न व मालमोटारीतून मातीसारखी ओतलेली पुस्तके भेट देतो. गावकरी काय करतात? दारे लावून घरांत बसतात आणि आतूनच शिव्या देतात! हा प्रसंग पाहून हसू येते, पण ते घशाखाली उतरत नाही.

येथपर्यंत आपण एका ग्रामीण चित्रपटात असतो. मग शाळेतले गुरुजी मुलांना नकाशावर आपले गाव दाखवू लागतात, आणि गाव नकाशात सापडत नाही. आकाशात उडत्या तबकडीसारखे काही दिसते. दूरध्वनी बंद पडतात. टँकरला गोळ्यांची भोके पडतात. येथून पुढे चित्रपट कूस बदलतो. आधी वैज्ञानिक अद्भुतकथा वाटते, मग काऊबॉयपट, मग भयकथा. पुढचे आम्ही सांगणार नाही. इतकेच सांगतो की हे बदल लहरीने केलेले नाहीत. गावातल्या माणसांना जे जेव्हा कळते, तेव्हाच ते आपल्यालाही कळते. आणि संकट कोणत्या जातीचे आहे हे त्यांनाच ठाऊक नसते, तर प्रेक्षकाला आधी कसे ठाऊक असावे? आपल्या जुन्या साहित्यशास्त्राने एकाच नाटकात हास्य, करुण, भयानक आणि बीभत्स ह्यांना जागा दिली होती. ते आपण विसरलो आणि चित्रपटगृहाच्या दारावर एकच पाटी मागू लागलो.

आता दोष. परदेशातून आलेली जी मंडळी मधल्या भागात अवतरतात, त्यांचे इंग्रजी संवाद लाकडी आहेत. जर्मन नट उडो किअर वगळला तर त्यांच्यातला कोणीही माणूस म्हणून उभा राहत नाही. चित्रपटाचे कैवारी म्हणतात, हे मुद्दाम केले आहे. अमेरिकन काऊबॉयपटांत रेड इंडियनांची जशी पुठ्ठ्याची चित्रे काढली, तशी येथे गोऱ्यांची काढून परतफेड केली. युक्तिवाद चतुर आहे. पण पुठ्ठा तो पुठ्ठाच, मग तो कोणाही बाजूने लावलेला असो. त्यातल्या त्यात ब्राझीलच्या सधन दक्षिणेकडून आलेले जे दोन मोटारसायकलस्वार त्या परक्यांच्या टोळीत सामील आहेत, त्यांचा प्रसंग मात्र बिनतोड आहे. आपणही गोरेच, तुमच्यातलेच, असे ते त्या परक्यांना सांगू पाहतात. त्यावर त्या मंडळींचे हसणे ज्याने ऐकले तो ते विसरणार नाही.

दुसरा आक्षेप हिंसेचा, आणि तो अधिक गंभीर आहे. येथे थोडा इतिहास ठाऊक असलेला बरा. १८९६-९७ मध्ये ह्याच सेर्तावातील कानुदोस ह्या वस्तीवर सरकारने एकामागून एक चार मोहिमा पाठवल्या. पहिल्या तीन गरीब वस्तीकरांनी परतवल्या, चौथीने वस्ती नाहीशी केली. पुढे ‘कांगासेरो’ म्हणजे बंडखोर दरोडेखोर माजले. त्यांचा म्होरक्या लांपियाव ह्याला पोलिसांनी १९३८ साली मारले, त्याची व साथीदारांची मुंडकी पायऱ्यांवर मांडून छायाचित्र काढले, आणि १९६९ पर्यंत त्या मुंडक्यांना मूठमाती मिळाली नाही. सेर्तावातले लोक त्याला खुनीही म्हणतात आणि त्याच्यावर गाणीही रचतात. ग्वाल्हेरीकडच्या वाचकांना चंबळच्या खोऱ्यातले ‘डाकू’ आणि ‘बागी’ ह्या दोन शब्दांतले अंतर समजावून सांगावयास नकोच. हे माहीत असले म्हणजे चित्रपटाचा शेवट निव्वळ रक्ताची हौस वाटत नाही. तो सुखावतो असेही नाही. अखेरच्या दृश्यांत गावकऱ्यांच्या चेहऱ्यांवर विजयाचा आनंद शोधून पाहावा. आम्हांस तो फारसा सापडला नाही.

आमच्या मते चित्रपटाचे हृदय मात्र दुसरीकडे आहे, गावच्या छोट्या संग्रहालयात. येणाऱ्या पाहुण्यांना गावकरी आग्रहाने विचारतात, ‘आमचे संग्रहालय पाहावयास आलात का?’ ते दोघे मोटारसायकलस्वार नको म्हणून निघून जातात. आत काय आहे ते प्रेक्षकालाही बराच वेळ दाखवले जात नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या जुन्या वाड्यांत दिवाणखान्याच्या भिंतीवर एखादी तलवार, एखादी ढाल लटकत असते. पाहुणे तिला शोभेची वस्तू समजतात, घरातल्या सुनांना दसऱ्याला ती पुसण्याचा कंटाळा येतो. त्या भिंतीकडे पाहण्याची आमची दृष्टी ह्या चित्रपटाने थोडी बदलली. संग्रहालयाच्या भिंतीचे पुढे काय होते ते पडद्यावरच पाहावे. दोघांपैकी स्त्री दुकानात विचारते, ‘बाकुराऊत जन्मलेल्यांना काय म्हणतात?’ एक पोर झटकन उत्तरते, ‘माणसे!’ सगळा चित्रपट ह्या एका उत्तरासाठी उभा केला आहे असे आम्हांस वाटले.

हा बोलसोनारोच्या राजवटीवरचा प्रचारपट आहे, असाही एक समज आहे. बोलसोनारो सत्तेवर आले जानेवारी २०१९ मध्ये. चित्रीकरण झाले २०१८ साली, आणि कल्पना तर त्याच्याही बरीच आधीची. काळाने येऊन चित्रपटाला गाठले, एवढेच.

पाहताना दोन पथ्ये पाळावीत. मुलांना बरोबर नेऊ नये. रक्त आहे आणि विवस्त्र देहही आहेत. आणि शक्य तर मोठ्या पडद्यावर पाहावा, कारण जुन्या रुंद भिंगांनी टिपलेला तो रखरखीत माळ हातातल्या पेटीत मावत नाही. ‘बाकुराऊ’ हे एका निशाचर पक्ष्याचे नाव आहे. रेसिफेत रात्रीच्या शेवटच्या बसलाही तेच म्हणतात. चित्रपट दोन तास दहा मिनिटांचा आहे. तेव्हा रात्रीच्या खेळाला जावयाचे असल्यास परतीच्या वाहनाची सोय आधी पाहून ठेवावी.