विंचू मंत्रानं उतरत नाही

दोस्तो, आपल्या कवितेत विंचू फार झाले. जातीचा डंख, व्यवस्थेची नांगी, रक्तात भिनलेलं मनूचं विष. एकनाथांनी भारुडात विंचवाला काम-क्रोध केलं, आपण त्याला मनुवाद केलं. ठीक आहे. पण गावाकडं आईच्या अनवाणी पायाला जो डसतो तो प्रतीक नसतो. तो दगडाखाली असतो, सरपणात असतो, कौलात असतो, भाताच्या पेंढ्यात असतो. अन् त्याच्या विषावर दवा आहे.

विंचू जात विचारत नाही हे खरं. पण दगड कोण उचलतं? वीट कोण थापतं? भात कोण कापतं? जमिनीवर पथारी टाकून कोण झोपतं? विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. वीटभट्टीवर, ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या माणसांचंही तसंच. ही दोन बिऱ्हाडं एकाच ढिगाऱ्यात भेटतात. बंगल्यातल्या गादीवर भेटत नाहीत.

महाड म्हटलं की आपल्याला चवदार तळं. २० मार्च १९२७. त्याच महाड तालुक्यात बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात १९७० नंतरच्या दशकात हिम्मतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर आला. कोकणातला लाल विंचू चावलेली पोरं त्याच्यासमोर मरत होती. त्यानं मेलेल्यांचं खापर नशिबावर फोडलं नाही. खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास लिहून काढला. त्यातून जे कळलं ते ‘लॅन्सेट’ या जगातल्या मोठ्या वैद्यकीय पत्रात १९८२ साली छापून आलं. १९८६ साली त्याच पत्रात उपायही आला : रक्तदाबावरची साधी गोळी, प्राझोसिन. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पद्मश्रीचं सोडा, गोळीचं लक्षात ठेवा.

काळी इंगळी दिसायला भयंकर, पण तिच्यानं सहसा माणूस मरत नाही. मारतो तो बोटभर लाल विंचू. त्याचं विष मज्जातंतूंना सुट्टी देत नाही. अंगात ॲड्रेनालीनचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुफ्फुसात पाणी भरतं. माणूस कोरड्या जमिनीवर बुडून मरतो. प्राझोसिन त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करतं. पूर्वी असे गंभीर झालेले शंभरात पंचवीस-तीस मरत. या गोळीनंतर मरणारे अगदी थोडे राहिले. विंचवाची प्रतिविष लसही आहे. आपल्या परळच्या हाफकिननं ती बनवली. गोळीबरोबर लस दिली तर रुग्ण लवकर सावरतो, हेही २०११ साली महाडच्याच अभ्यासातून छापून आलं.

मग मांत्रिकाचं दुकान चालतं कसं? साधी गोष्ट आहे. बहुतेक डंखांत नुसती आग होते आणि ती काही तासांनी आपोआप ओसरते. मंत्र म्हणा, नाहीतर सिनेमाचं गाणं म्हणा, ती ओसरणारच. श्रेय मांत्रिक खातो. ज्याच्या अंगात विष खरं भिनलं त्याचे मोलाचे तास तो राखेत घालवतो, अन् मेला की म्हणतो, आयुष्यच तेवढं होतं.

आणि कडू बोलायचं तर विंचू उतरवणारा कैकदा आपल्याच वस्तीतला असतो. बाबा, काका म्हणून आपण त्याच्या पाया पडतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात आपल्याला ज्या अंधारातून बाहेर काढलं, तोच अंधार हा. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यात साप, कुत्रा, विंचू चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. पण वस्तीत आधी समजावा. पोलीस ही शेवटची पायरी.

शिमग्याला, मे महिन्यात गावी जाल तेव्हा एवढं पाठ करून जा. विंचू चावला तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका, रॉकेल-मिरची चोळू नका. जागा साबणपाण्यानं धुवा, गार फडकं ठेवा, अंगठी-बांगडी काढा, माणसाला आडवं ठेवून धीर द्या. ओकारी, दरदरून घाम, लाळ, गार पडलेले हातपाय, पोराचं लिंग ताठ राहणं, धाप : यातलं एक जरी दिसलं तरी एक मिनिट घालवू नका, १०८ फिरवा. लहान पोर असेल तर लक्षणांची वाटच पाहू नका. प्राझोसिन मनानं देऊ नका. त्यानं रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. ते डॉक्टरनं द्यायचं, रुग्णाला आडवं ठेवून.

आणि गावच्या आरोग्य केंद्रात पोरांनी घोळक्यानं जाऊन विचारा : प्राझोसिन आहे का? लस आहे का? रात्री डॉक्टर असतो का? ‘नाही’ म्हणाले तर ते ‘नाही’ लिहून मागा. तळ्याचं पाणी आपण भीक म्हणून मागितलं नव्हतं, हक्क म्हणून प्यालो. चार पैशांची गोळीही तशीच घ्यायची.

कविता नंतर लिहू. आधी माणूस जगू दे.

जय भीम.